नळ्यांमधली जागा

मोखाड्याच्या बाजारात मी सुकटवालीशी भांडत होते, तेव्हा माझ्या भाचीचा, वनिताचा फोन आला. सुकट कमी आणि वाळूच जास्त, असं माझं म्हणणं. ती म्हणे, काकू, समुद्रातून आली ती, वाळू नाही तर काय साखर येणार? फोन कानाला लावला तरी माझा एक हात तिच्या टोपलीवरच होता. "मामी, आई गेली," वनिता म्हणाली. सकाळी आवणीला, भाताची रोपं लावायला निघाली होती, ओट्यावर टेकली, पाणी मागितलं. वनिता तांब्या घेऊन येईपर्यंत आडवी झाली होती... मी सुकट तिथंच टाकली आणि जव्हारच्या जीपमध्ये तिघींच्या मध्ये अंग चोरून बसले. सगळ्या वाटेत मला रडू आलं नाही, हे खरं ते लिहिते. नुसता राग राग येत होता, आणि तो कुणावर, ते त्या जीपमध्ये मला धड कळतही नव्हतं.

ते कळलं बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी. एका संस्थेतून फोन आला. संस्थेचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात होईल. फोनवर एक मुलगी होती, गोड बोलत होती. म्हणाली, "आम्ही पुस्तिका काढतोय. बारकीबाईंचा फोटो छापायचाय. यंत्र चालवणारी पाड्यातली पहिली बाई! तुम्ही त्यांच्या वहिनी ना? दोन ओळी सांगा." मी म्हटलं, दोन ओळींत मावत नाही ती. आणि फोन ठेवला. या पुरवणीचे संपादक माझ्या ओळखीचे, तेही म्हणाले, काकू, आठवण लिहा, जरा गोड लिहा. गोड मला जमणार नाही. ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

बारकी माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन दाभोशाच्या अलीकडच्या या पाड्यावर आले तेव्हा ती परकरात होती, आणि नदीवर मासे धरायला मला तिनंच नेलं. पुढं तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि वनिताला काखेत घेऊन ती माहेरी आली ती आमच्याच अंगणापलीकडं झाप बांधून राहिली. अक्षर म्हणाल तर तिला एक येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. पण मला आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम लागलं आणि वर्गाच्या खिडकीखाली लसूण सोलता सोलता मी पोरांबरोबर बाराखडी शिकले. पहिल्यांदा पुडीच्या कागदावरची बातमी वाचून दाखवली तेव्हा बारकी म्हणाली, "वयनी, तू आता कागद खा, मी तुझ्या वाटची भाकर खाते." हसण्यावारी नेलं. पण मला वाचता येतं याचा मला माज होता. हो, माजच. त्याला दुसरा शब्द नाही, आणि पुढं जे झालं ते त्या माजानं झालं.

आता मासे धरण्याचं सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. पाऊस ओसरला की ओहोळात बांबूची टोपली आडवी बसवतात आणि तिच्या वरच्या अंगाला पाण्यात खुंट्या ठोकतात, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो आणि पाणी सगळ्या बाजूंनी सारखं टोपलीवर येतं. खुंट्या कशा ठोकायच्या, यात सगळी अक्कल. मी हौसेनं एकीमागं एक, अगदी सरळ रांगेत ठोकल्या होत्या, भाताच्या रोपासारख्या. बारकी काठावर बसून हसायला लागली. "पाण्याला गल्ली करून दिलीस, वयनी. बघ कसा पळतो तो." खरंच, दोन रांगांच्या मधून पाणी सुसाट जात होतं आणि खुंट्यांच्या पाठीमागं पाला साचून पाणी नुसतं उभं होतं. मग मी खुंट्या दाट केल्या. तर पालाच पाला अडकला आणि पाणी बाजूनं निघून गेलं. बारकीनं पाण्यात उतरून निम्म्या उपटल्या. राहिल्या त्या अशा, की पुढच्या रांगेत जिथं मोकळी जागा तिथं मागच्या रांगेत खुंटी. पाणी अडलंही नाही आणि पळालंही नाही, नुसतं वळत वळत खाली आलं. पोर होती ती तेव्हा.

यंत्र आलं ते पुष्कळ वर्षांनी. आमचा बायकांचा गट नागलीचं, म्हणजे नाचणीचं सत्त्व करतो, तान्ह्या पोरांसाठी. वावर गावाकडं आमच्या तरुणपणी कुपोषणानं पोरं कशी गेली ते आम्ही पाहिलंय, त्यावर मी इथं काही लिहिणार नाही. एवढंच सांगते की सत्त्व आमच्यासाठी धंदा म्हणून सुरू झालं नाही. नागली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. सगळं अडतं ते वाळवण्यात. पावसाळ्यात ऊन नाही, आणि ओली मोडाची नागली एक दिवस पडून राहिली की आंबते. आणि पोरांना सत्त्वाची गरज नेमकी पावसाळ्यातच. म्हणून त्याच पुस्तिकावाल्या संस्थेनं शेडमध्ये ते यंत्र बसवलं. लोखंडाची उभी पेटी, तळाला बारीक जाळी, जाळीखालून मोठा पंखा वारा सोडतो. वाऱ्याचा जोर बरोबर बसला की नागली जाळीवरून उचलली जाते आणि अख्खा थर चुलीवरच्या पेजेसारखा उकळायला लागतो. दाणा कोरडाच, पण पाण्यासारखा हलतो, खालचा वर, वरचा खाली, मधून वाऱ्याचे बुडबुडे फुटतात. त्या थरातून आडव्या नळ्या गेलेल्या, आणि नळ्यांतून गरम पाणी फिरतं. दाणा फिरत फिरत नळीला शिवतो, ऊब घेतो, पुढं जातो. समोर काच आहे, त्यातून सगळं दिसतं. पहिल्या दिवशी बारकी त्या काचेसमोरून उठेना. "पेज हाय ही," म्हणाली, "बिनपाण्याची पेज." पंखा, झडपा, पाण्याची आच, सगळं ती आठ दिवसांत शिकली आणि गटानं तिला यंत्रावर नेमलं.

तेव्हा आत आठ नळ्या होत्या. वाळायचं छान, पण वेळ लागायचा. संस्थेचे साहेब आले, म्हणाले, नळ्या वाढवू, जास्त नळ्या म्हणजे जास्त ऊब, निम्म्या वेळात काम. ऐकायला कुणालाही पटेल. त्यांनी पेटीला भोकं पाडून चोवीस नळ्या बसवल्या, एकीखाली एक, सरळ ओळींत, बोटभर अंतरानं. आणि नागली उकळायची थांबली. ओली मोडाची नागली नळ्यांच्या पाठीवर टोपीसारखी थापून बसायची आणि करपायची. मधल्या उभ्या गल्ल्यांतून वारा पिचकारीसारखा वर जायचा. कडेचा माल तसाच ओला. एका पेटीत काळंही आणि आंबटही. साहेब म्हणाले पंखा वाढवा. पंखा वाढवला तर गल्लीतून दाणे छताला जाऊन आपटले आणि टोप्या होत्या तिथंच राहिल्या.

बारकी दोन दिवस काचेला नाक लावून बसली. तिसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा पदर खोचून समोर उभी राहिली. मी शेजारीच होते, गटाची सचिव, हातात वही.

"साहेब, निम्म्या नळ्या काढा. एकाआड एक. वरच्या वळीत जिथं ठेवाल, खालच्या वळीत तिथं नको."

"मावशी, नळ्या काढल्या तर ऊब कमी होईल ना?"

"ऊब हाय, पण घ्यावाला कोण जाईल तिच्यापाशी? दाण्याला हलावाला जागाच नाय. लग्नात मांडवभर माणसं कोंबली तं नाचंल कोण?"

बायका हसल्या. साहेबही हसले, पण वेगळं. "मावशी, हे काय मासे पकडायचं काम नाही. याला गणित असतं." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला वाचता येतं, तुम्ही सांगा यांना, यंत्राच्या पुस्तकात काय लिहिलंय." आणि मी... मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, परवानगीशिवाय यंत्राच्या रचनेत बदल करू नये. ते मी मोठ्यानं वाचलं, शुद्ध वाचलं, साहेबांसमोर आपण वाचतोय याच्या तोऱ्यात वाचलं. पाण्यात खुंट्या मीच सरळ ठोकल्या होत्या आणि त्या कुणी उपटल्या, हे मला त्या क्षणी आठवत होतं. तरी वाचलं.

साहेब गेले. बारकीनं दुसऱ्या दिवशी पाना घेतला आणि बारा नळ्या काढल्या. उघड्या तोंडांना आट्यांची, फिरवून बसणारी बुचं लावली. मोकळ्या पेटीकडं पाहिलं तर अगदी त्या ओहोळातल्यासारखं, मोकळ्या जागेखाली नळी, नळीखाली मोकळी जागा. पंखा सुरू केला आणि नागली उठली! अशी उकळली की शेडमधल्या बायका हातातलं टाकून काचेपाशी आल्या. बुडबुडा नळीला आपटायचा, फुटायचा, बाजूला वळायचा, आणि दाणा त्याच्यामागं वळायचा. चोवीस नळ्यांत जो माल दिवसभरात वाळला नाही तो दुपारच्या आत खडखडीत. तसे दोन घाणे निघाले. तिसऱ्याला एका बुचातून पाणी पाझरलं. आट्यांना गुंडाळायची ती पांढरी पट्टी तिच्याकडं नव्हती, मिळते कुठं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं लुगड्याचा दोरा गुंडाळून भागवलं होतं. घाणा भिजला. आणि नेमके त्याच दिवशी साहेब आले.

साहेबांनी आधीचे दोन घाणे पाहिले नाहीत. ते पोत्यात होते, तिथंच, हातभर अंतरावर. कुणी दाखवले नाहीत. भिजलेला घाणा पाहिला, काढलेल्या नळ्या पाहिल्या, आणि म्हणाले, असं असेल तर संस्थेला यंत्र परत न्यावं लागेल. गटाची अध्यक्ष सुमन, ती घाबरली. लगोलग बैठक. ठराव मी लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात. शब्द साहेबांचे होते. 'बारकीबाई यांनी निष्काळजीपणे व परवानगीशिवाय यंत्राची मोडतोड करून लहान मुलांच्या आहाराची नासाडी केली, सबब त्यांना यंत्रावरून कायमचे काढण्यात येत आहे, व हे त्यांना मान्य आहे.' खाली तिचा अंगठा हवा होता.

बारकीनं अंगठा शाईत बुडवला आणि मला विचारलं, "काय लिवलंस, वयनी?"

मी म्हटलं, "काही नाही ग. थोडे दिवस तू यंत्रावर यायचं नाही, एवढंच."

"एवढंच ना?" म्हणाली, आणि अंगठा उठवला.

सहा वर्षं झाली. ती असेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लहान मुलांच्या आहाराची नासाडी... तिनं! तान्हं पोर रडलं तर परक्याच्याही घरात शिरून उचलणारी बाई ती. मला साहेबांचा संताप येतो, सुमनचा येतो, पण साहेबाला बारकी कोण ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. वाचता येणाऱ्यानं न येणाऱ्याला खोटं वाचून दाखवायचं, याच्यापेक्षा हलकट काम मला तरी माहीत नाही, आणि ते मी नात्यातल्या माणसाशी केलं, डोळ्याला डोळा भिडवून.

नळ्या परत बसल्या. यंत्र वर्षभर रडतखडत चाललं, पेटी पाव हिस्साच भरायची, एक बाई सळई घेऊन नळ्यांवरच्या टोप्या पाडत उभी. बारकी लोकांच्या शेतात आवणीला जायला लागली. गुडघे दुखायचे तिचे. मला कधी बोल लावला नाही. एकदाच, विहिरीवर, म्हणाली, "वयनी, तुमची मशीन पेज शिजवते का अजून, का दगडं भाजते?" बाकीच्या हसल्या. मीही हसले. काय करणार.

मग साहेब एक मोठा कागद घेऊन आले. नकाशा. सुधारित रचना, म्हणाले, पुष्कळ अभ्यास केला. मी कागद पाहिला आणि नळ्या मोजल्या. बारा. एकाआड एक. वरच्या ओळीत मोकळी जागा तिथं खालच्या ओळीत नळी. साहेब आम्हाला समजावून सांगायला लागले, की नळ्या फार दाट झाल्या तर वाऱ्याचे बुडबुडे अडतात आणि माल हलत नाही, सरळ ओळीत असल्या तर वारा मधूनच पळतो, आणि माल हलला नाही तर कितीही ऊब असून उपयोग नाही. छान सांगत होते. शब्द न शब्द बारकीचा, फक्त लग्नाचा मांडव गाळलेला. मी म्हटलं, "साहेब, हे बारकीनं केलं होतं." ते म्हणाले, "हो का? पण त्यांनी अंदाजानं केलं. अंदाज वेगळा आणि अभ्यास वेगळा." अंदाज! ओहोळात उभं राहून चाळीस पावसाळे पाणी पाहिलेल्या बाईचा तो अंदाज, आणि तिचं करून झाल्यावर कागदावर काढलं तो अभ्यास! यंत्रावर पितळी पाटी लागली, साहेबांच्या नावाची. आजही आहे, जाऊन पाहा.

मी बारकीला नेऊन दाखवलं. वाटलं, आता तरी चिडेल, पाना घेऊन पाटीच उपटेल. ती काचेसमोर बसली, बराच वेळ. मग म्हणाली, "फिरतो बघ आता दाणा. बरा झाला. पोरांना मिळंल." आणि उठून गेली. त्या रात्री मी जेवले नाही. तिचा मोठेपणा वगैरे म्हणणारे म्हणतील. मला तो सोसवत नाही. तिनं एक शिवी घातली असती तर मला सगळं कबूल करता आलं असतं... की हेही मी माझ्या सोयीचं बोलते?

पुस्तिकेचा फोन ठेवला त्याच आठवड्यात गटाची बैठक होती. मी विषय मांडला. तो ठराव रद्द करा, आणि नवा लिहा, की ही मांडणी बारकीची. सुमन म्हणाली, "काकू, गेलेलं माणूस काय वही वाचायला येणार हाय? कशाला उकरता? संस्थेला राग आला नि उद्या पंखा बिघडला, तं कोण येईल दुरुस्तीला? तुम्ही येणार पाना घेऊन?"

"मला नाही येत. जिला येत होतं तिला आपण हाकललं."

"तिनं स्वतः अंगठा दिलाय, काकू. मान्य हाय लिवलंय त्यात."

तेव्हा मी वही मागून घेतली. चष्मा लावला आणि तो ठराव मोठ्यानं वाचला, पहिल्यांदा, जसा लिहिला होता तसा. निष्काळजीपणे, मोडतोड, नासाडी, सगळं. वनिता आईच्या जागी गटात आली आहे, ती समोर बसली होती. वाचून झाल्यावर मी सांगितलं, की यातलं काहीही मी बारकीला वाचून दाखवलं नव्हतं आणि तिला विचारल्यावर काय सांगितलं होतं. वनिता उठली. चपला हातात घेतल्या. दारातून मागं न बघता म्हणाली, "आई तुमच्यावर लई विसंबून होती, मामी." गेली ती अजून बोललेली नाही. मी तिच्या दारावरून रोज जाते. ती सूप घेऊन आत वळते. बरोबरच आहे तिचं.

ठरावावर सुमन म्हणाली, पुढच्या बैठकीत बघू. पुढच्या बैठकीत मी पुन्हा मांडीन, आणि त्याच्या पुढच्याही. काही जणी माझ्या बाजूच्या झाल्या आहेत, काही पितळी पाटीकडं बघून गप्प बसतात. वहीत अजून बारकी निष्काळजी आहे.

काल मी शेडमध्ये गेले. यंत्रावर आता मंजुळा असते, दोन पोरांची आई, पलीकडच्या पाड्यावरची, नव्यानं लागलेली. घाणा घालायच्या आधी तिनं रिकामीच पेटी उघडली, पंखा सुरू केला, पदराचं टोक सोडलं आणि जाळीवरून हळूहळू फिरवत नेलं. या कोपऱ्यात पदर फडफडला, त्या कोपऱ्यात लुळा पडला. जिथं लुळा पडला तिथली जाळी तिनं काडीनं कोरून मोकळी केली आणि पुन्हा पदर धरला. मी बघतच राहिले. हे कुठल्या पुस्तकात नाही. साहेबांच्या नकाशात नाही. नागली टाकण्याआधी रोज असं पदरानं वारा बघणारी बाई मी एकच पाहिली होती. मान जराशी तिरकी, ओठ दाबलेले...

"कुणी शिकवलं ग तुला हे?"

"कुणी म्हणजे? असंच करतात ना, काकू? आधीची करायची, तिच्या आधीची करायची."

"बारकीनं काढलं हे."

"कोण बारकी?" तिनं पदर खोचला. "ती व्हय, मशीन मोडली म्हणून काढलेली?"

मंजुळाची काही चूक नाही. तिला जे सांगितलं गेलं ते तिनं सांगितलं. तिनं नागलीची पाटी उचलली आणि पंखा पुऱ्या जोरावर केला, त्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी तिच्या हातातली पाटी काढून खाली ठेवली, पोत्यावर बसले, तिला समोर बसवलं, आणि त्या पंख्याच्या वर आवाज चढवून, घसा फाटेस्तोवर ओरडत, ओहोळातल्या खुंट्यांपासून सांगायला लागले.